आधी नोंद, मग काम

भारतातून येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेला मिल्क कुकर आपल्यातल्या बऱ्याच घरांत अजून कुठल्यातरी कपाटात असेल. दुहेरी भिंतीचं भांडं आणि वर शिट्टी. इथलं गॅलनच्या कॅनमधलं दूध तापवायची खरं म्हणजे गरज नसते, पण पहिली काही वर्षं आपण सवयीने तापवतच होतो. साध्या पातेल्यात दूध ठेवलं की शेजारी उभं राहावं लागतं. दहा वेळा डोकवावं, काही होत नाही. अकराव्यांदा पाठ फिरवावी, तर शेगडीवर पूर! मिल्क कुकर असला की ही राखण नको. आपण खुशाल पोळ्या लाटाव्या, शिट्टी झाली की गॅस बंद करावा.

संगणकालाही नेमक्या याच दोन पद्धती ठाऊक आहेत. कीबोर्डवर कळ दाबली गेली का, डिस्कवरून माहिती आली का, हे प्रोसेसरने सारखं जाऊन बघत बसायचं ही पहिली. तिला पोलिंग म्हणतात. त्या त्या यंत्राने स्वतःहून शिट्टी मारायची आणि प्रोसेसरने तोपर्यंत आपलं दुसरं काम करायचं ही दुसरी. या शिट्टीचं नाव इंटरप्ट. शुद्ध मराठीत व्यत्यय म्हणा, पण मी आपला इंटरप्टच म्हणणार आहे, कारण इथे व्यत्यय हवाहवासा असतो!

आपल्या मंडळातल्या घरांत एखादा तरी सॉफ्टवेअरवाला असतोच, आणि 'तू दिवसभर करतोस तरी काय?' या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नसतं. 'मी ड्रायव्हर लिहितो' म्हटलं की भारतातून आलेल्या सासूबाईंना वाटतं, जावयाने टॅक्सीचा धंदा काढला. 'मी कर्नलवर काम करतो' म्हटलं की सासऱ्यांना सैन्यातला कर्नल आठवतो. अशा सगळ्या जावयांच्या, सुनांच्या आणि त्यांच्या शाळकरी मुलांच्या वतीने हा लेख. शिट्टी वाजल्यावर आत नेमकं काय होतं, आणि ते सुरक्षितपणे व्हावं म्हणून काय काय सांभाळावं लागतं, एवढंच सांगायचं आहे. त्यात चंद्रावर उतरणारं यान येईल आणि एक पाटीलही येतील.

हाक कशी पोचते

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. विंडोज असो, लिनक्स असो की मॅक, पडद्यावर दिसतो तो नुसता दर्शनी भाग. प्रत्यक्ष हार्डवेअरला हात लावायचा अधिकार फक्त कर्नलला आणि त्याच्या पदरी असलेल्या ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅम्सना असतो.

समजा, तुम्ही पत्र टाइप करता आहात. कळ दाबली की कीबोर्डकडून इंटरप्टची खूण प्रोसेसरकडे जाते. प्रोसेसर हातातली एक सूचना पूर्ण करतो आणि पुढची उचलण्याआधी कोणी हाक मारली का ते बघतो. मारली असेल तर आपण कुठे होतो ते तो टिपून ठेवतो, पोथी मिटताना पानात मोरपीस घालावं तसं. मग एका ठरलेल्या तक्त्यात बघतो, की या नंबरची हाक आली तर कुठल्या प्रोग्रॅमकडे जायचं. त्या प्रोग्रॅमला हँडलर म्हणतात. हँडलर आपल्याला लागतील त्या जागांमधला आधीचा ऐवज बाजूला नीट ठेवतो, यंत्राला 'ऐकलं बरं का' अशी पोच देतो, काम करतो, आणि सगळं होतं तसं परत मांडून बाहेर पडतो. ज्याचं काम मध्येच थांबलं होतं त्या प्रोग्रॅमला आपण थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागला, तर हँडलरने काहीतरी सांडून ठेवलं असं समजावं.

कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५४ मध्ये बांधलेल्या डिसिॲक या संगणकात बाहेरच्या यंत्राकडून अशी हाक घेण्याची सोय होती. हॉलंडमध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी एक्स-१ या संगणकासाठी इंटरप्ट सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला. १९५९ ची त्यांची डॉक्टरेट त्याच कामावरची. हेच डायक्स्ट्रा १९८४ पासून टेक्सासात ऑस्टिनला प्राध्यापक होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा हाकांसाठी आठ तारा होत्या, १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये वापरता येतील अशा पंधरा झाल्या. त्या काळात घरच्या पीसीत साउंड कार्ड बसवताना 'आयआरक्यू ५ की ७?' या प्रश्नावर ज्यांनी शनिवार-रविवार घालवले, त्यांना आता कळेल की भांडण कशाचं होतं. दोन कार्डांना एकच तार दिली, तर हाक नक्की कोणाची हेच कळेना.

खजिनदाराची वही

आता धोका कुठे आहे ते बघू. त्यासाठी संगणक नको, मंडळाच्या गणेशोत्सवाचं प्रवेशद्वार पुरे.

दाराशी खजिनदार वही घेऊन बसले आहेत. शिल्लक ५०० डॉलर. हॉलवाल्याला १०० द्यायचे, म्हणून त्यांनी ५०० हा आकडा वाचला आणि मनात वजाबाकी केली: ४००. लिहिणार, तेवढ्यात एक कुटुंब दारात आलं. तिकिटांचे ५० डॉलर घेतले, वहीत ५०० दिसत होते ते खोडून ५५० केले. कुटुंब आत गेलं. खजिनदार मूळ कामाकडे वळले आणि मनात तयार असलेला ४०० हा आकडा वहीत लिहून मोकळे झाले. ५० डॉलर गायब! खजिनदार प्रामाणिक, तिकीट घेणारे प्रामाणिक, प्रत्येक पायरी बरोबर. चूक आहे ती फक्त 'मध्येच' या शब्दात.

कर्नलमध्ये अशा असंख्य वह्या असतात: मोकळी मेमरी किती, रांगेत कोण, डिस्कचा कुठला भाग कोणाचा. एखादा भाग वही लिहीत असताना नेमक्या त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरने तीच वही उघडली, की पैसे गेलेच. त्यातून वाईट म्हणजे ही चूक पुन्हा करून दाखवता येत नाही. लाख वेळा सगळं सुरळीत चालेल, आणि एकदा, सेकंदाच्या एखाद्या दशलक्षांश भागात दोन गोष्टी एकमेकींवर आदळतील. दुरुस्त करायला बसावं तर मशीन अगदी शहाण्या मुलासारखं वागेल. दुखणं डॉक्टरच्या दारात नेमकं थांबावं, तसं.

उपाय साधा आहे. वही हातात असेल तेवढा वेळ कान झाकून घ्यायचे. प्रोसेसरला तशी सूचनाच असते, 'आता हाका नकोत.' आकडा वाचायचा, बदलायचा, लिहायचा, आणि लगेच कान उघडायचे. दरम्यान आलेली हाक हरवत नाही, दाराशी थांबून राहते. ज्या पीडीपी-११ या मिनी कॉम्प्यूटरवर न्यू जर्सीत मरे हिलला बेल लॅब्जमध्ये युनिक्स वाढलं, त्यात तर ० ते ७ अशा आठ पायऱ्याच होत्या. चौथ्या पायरीवर उभं राहिलं की चार आणि त्याखालच्या हाका थांबतात, वरच्या मात्र ऐकू येतात. म्हणजे कान अर्धेच झाकलेले. दाराची बेल नको, पण स्मोक अलार्म वाजला तर उठायचं!

कान किती वेळ झाकायचे?

इथे खरी कसोटी लागते. कान झाकले नाहीत तर हिशेब चुकतो, जास्त वेळ झाकले तर हाक चुकते.

१९९५ च्या सुमाराला ज्यांनी घरी २८.८ चा मॉडेम घेतला, त्यांनी याचा अनुभव घेतला आहे. मॉडेम ज्या सीरियल पोर्टला जोडायचा त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ५७,६०० बिट ठेवत. एका अक्षराला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून दहा बिट. म्हणजे सेकंदाला ५,७६० अक्षरं; दर १७४ मायक्रोसेकंदांना एक. जुन्या पीसीतल्या सीरियल चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा एकाचीच. ते अक्षर उचलेपर्यंत पुढचं आलं, की आधीचं पुसलं गेलं. अशा वेळी एखादा ड्रायव्हर दोनशे मायक्रोसेकंद कान झाकून बसला, की फाइल खराब. फ्लॉपी खडखडायला लागली की डाउनलोड बिघडे, ते यामुळेच. पुढे १६५५०ए नावाच्या चिपमध्ये सोळा अक्षरं मावतील एवढी जागा आली. दारात एकाऐवजी सोळा पाहुण्यांना उभं राहण्यापुरता ओटा झाला, आणि घरच्यांना दार उघडायला जरा उसंत मिळाली.

पण ओटा कितीही वाढवला तरी मुद्दा राहतोच: हँडलरने कमीत कमी वेळात बाहेर पडलं पाहिजे. मग काम मोठं असेल तर काय करायचं? नेटवर्कवरून आलेलं पाकीट तपासायचं, उघडायचं, कुणाचं ते शोधायचं, त्याच्यापर्यंत पोचवायचं, हे सगळं कान झाकून कसं जमणार?

उत्तर असं, की ते तिथे करायचंच नाही. कामाचे दोन तुकडे करायचे. पहिला तुकडा तातडीचा: यंत्राला पोच द्यायची, आलेली वस्तू सुरक्षित जागी ठेवायची, 'हे करायचं राहिलंय' अशी चिठ्ठी टाकायची आणि निघायचं. दुसरा तुकडा निवांत: कान उघडे ठेवून, चिठ्ठ्या एकेक उचलून, सावकाश काम करायचं. लिनक्समध्ये या दोन तुकड्यांना वरचा अर्धा आणि खालचा अर्धा म्हणतात. विंडोजमध्ये नावं वेगळी, तत्त्व तेच. आपल्या स्वभावाला हे थोडं उलटं वाटतं. आपल्याला वाटतं की जे तातडीचं, ते तिथल्या तिथे पुरं करावं. कर्नल लिहिणारा म्हणतो, जे तातडीचं आहे त्यातलं कमीत कमी आत्ता करा. तातडी असते ती हाकेला ओ देण्याची. काम थांबू शकतं.

या पहिल्या तुकड्याला आणखी एक पथ्य आहे. त्याने कशाचीही वाट बघत थांबायचं नाही. डिस्कवरून काहीतरी येईल, मग बघू, हे चालत नाही. कारण ज्याची वाट बघतोय त्याची हाकही कान झाकलेले असताना ऐकू येणार नाही. विंडोजचा तो कुप्रसिद्ध निळा पडदा आठवतो? त्यावर पुष्कळदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल' असं काहीतरी अगम्य लिहिलेलं असे. ते या पथ्याविषयीच होतं. आयआरक्यूएल म्हणजे पीडीपी-११ वर होत्या तशाच पायऱ्या. एखादा ड्रायव्हर वरच्या पायरीवर उभा असताना मेमरीच्या अशा भागाला हात लावायला गेला, जो त्या क्षणी मेमरीत नाही, डिस्कवर ठेवलेला आहे. किंवा पत्ताच चुकीचा होता. आणायला थांबता येत नाही, पुढेही जाता येत नाही. तेव्हा कर्नल जाणूनबुजून सगळं थांबवतं, कारण बिघडलेल्या वहीनिशी चालत राहिलं तर तुमच्या फाइलींवर भलतंच लिहिलं जाईल. आपण निळ्या पडद्याला शिव्या देतो, पण त्या क्षणी तो पहारेकऱ्याचं काम करत असतो. चोर बहुतेक वेळा कुठल्यातरी पाहुण्या कार्डाबरोबर आलेला ड्रायव्हर असतो. कधी कधी मेमरीची चिपच खराब असते.

एक वही, अनेक लेखनिक

कान झाकण्याचा उपाय एकच प्रोसेसर असेल तोवर पुरतो. आज साध्या फोनमध्येही आठ-आठ प्रोसेसर असतात. एकाने आपले कान झाकले म्हणून शेजारचा थोडाच थांबणार? म्हणून वहीला कुलूपही लागतं. ज्याला लिहायचं त्याने कुलूप लावायचं, बाकीच्यांनी दाराशी थांबायचं.

इथे एक नवाच पेच उभा राहतो. समजा, एका प्रोसेसरने वहीला कुलूप लावलं आणि त्याच वेळी त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला. हँडलरलाही तीच वही हवी. कुलूप आहे, म्हणून तो दाराशी थांबला. पण किल्ली ज्याच्याकडे आहे तो तर हँडलर संपल्याशिवाय जागा व्हायचा नाही! हा त्याच्यासाठी थांबलाय, तो ह्याच्यासाठी. कल्पान्तापर्यंत. म्हणून नियम असा, की जी वही हँडलरलाही लागते तिचं कुलूप लावण्याआधी स्वतःचे कान झाकायचे. दोन्ही हवं, क्रमही तोच हवा. आणि दोन वह्या लागत असतील, तर सगळ्यांनी त्या एकाच ठरलेल्या क्रमाने घ्यायच्या.

अशा कुलपांचं पहिलं शिस्तशीर शास्त्र डायक्स्ट्रांनी १९६० च्या दशकात दिलं. त्यांच्या साधनाचं नाव सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली करणारा सिग्नल. आणि त्या सेमाफोरच्या मर्यादा दाखवणारा एक प्रसिद्ध प्रश्न १९७१ मध्ये मांडला तो एमआयटीतल्या डॉ. सुहास पाटील यांनी. जमशेदपूरला जन्म, खरगपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर, एमआयटीतून १९७० मध्ये डॉक्टरेट, आणि मग तिथेच शिकवायला.

पाटलांचा प्रश्न आजही ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात शिकवतात. मूळ प्रश्नात सिगारेट ओढणारे तिघे आहेत, त्यांच्याजागी आपण विडा खाणारे बसवू. एकाकडे पानांचा ढीग, दुसऱ्याकडे चुना, तिसऱ्याकडे सुपारी. विड्याला तिन्ही लागतात. यजमान दर वेळी तिन्हींपैकी कुठल्यातरी दोन वस्तू तबकात ठेवतो. ज्याच्याकडे तिसरी आहे त्याने त्या दोन्ही उचलून विडा करावा, असा बेत. आता यजमानाने चुना आणि सुपारी ठेवली. पानवाल्याचा नंबर. पण सुपारीवाल्याने चुना दिसताच तो उचलला, आणि चुनेवाल्याने सुपारी उचलली. आता सुपारीवाला पानासाठी थांबलाय, चुनेवालाही पानासाठी थांबलाय, आणि पानवाल्यासमोर तबक रिकामं. तिघेही सभ्य, तिघेही उपाशी! पाटलांचं म्हणणं असं, की साधे सेमाफोर वापरून, आणि अटी-शर्तींच्या सूचना न वापरता, हा गुंता सुटत नाही. १९७५ मध्ये डेव्हिड पार्नस यांनी उत्तर दिलं, की सेमाफोरची ओळच्या ओळ वापरू दिली तर सुटतो. वाद कोणी जिंकला यापेक्षा महत्त्वाचं हे, की 'हाका एकेकट्या येतात, पण अर्थ दोन हाका मिळून होतो' ही अडचण पाटलांनी इतकी स्वच्छ मांडली, की पन्नास वर्षांनंतरही विद्यार्थी तिच्यावर डोकं खाजवतात.

पुढे पाटील यूटा विद्यापीठात गेले. १९८१ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत कंपनी काढली, ती १९८४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत आली आणि सिरस लॉजिक या नावाने मोठी झाली. १९९० च्या दशकात असंख्य घरगुती पीसींमधल्या डिस्क आणि पडदा चालवणाऱ्या चिप्स सिरस लॉजिकच्या होत्या. हाकांच्या गुंत्यावर संशोधन करणारे पाटील, हाका मारणारी यंत्रं बनवणारे झाले, असं म्हणायला हरकत नाही.

चंद्राच्या उंबरठ्यावर

पाटील एमआयटीत डॉक्टरेट करत होते त्याच काळात त्याच विद्यापीठाची एक दुसरी प्रयोगशाळा चंद्रयानाचा संगणक घडवत होती. आतापर्यंत आपण एखादी हाक चुकली तर काय होतं ते पाहिलं. हाका फार झाल्या तर काय होतं, हे जगाने २० जुलै १९६९ रोजी पाहिलं.

अपोलो ११ चा तो संगणक आजच्या हिशेबाने खेळणंच. बदलता येईल अशी मेमरी अवघी २,०४८ शब्दांची. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्राकडे उतरत असताना त्याने '१२०२' असा इशारा दिला. उतरेपर्यंत असे इशारे पाच वेळा आले, चारदा १२०२ आणि एकदा १२०१. अर्थ एकच: कामं ठेवायला जागा उरली नाही.

कारण नंतर कळलं. वर घिरट्या घालणाऱ्या मुख्य यानाचा वेध घेणारं रडार उतरताना लागत नव्हतं, पण त्याचं बटण अशा स्थितीत होतं, की वीजपुरवठ्यातल्या एका विसंगतीमुळे ते संगणकाला निरर्थक खुणा पाठवत राहिलं. सेकंदाला १२,८०० पर्यंत. हे पूर्ण अर्थाने इंटरप्ट नव्हते. हँडलर चालत नसे. प्रत्येक खुणेसाठी प्रोसेसर मेमरीची एक फेरी थांबून मोजणीत एक मिळवी, एवढंच. पण एक फेरी ११.७ मायक्रोसेकंदांची. १२,८०० गुणिले ११.७ करून पाहा, सेकंदाला दीड लाख मायक्रोसेकंद होतात. म्हणजे शंभरातला पंधरा टक्के वेळ नुसत्या 'आलो, आलो' म्हणण्यात! उतरण्याच्या कामात एवढी सवड नव्हती. दर दोन सेकंदांनी सुरू होणारं गणित आधीचं संपायच्या आत पुन्हा सुरू होऊ लागलं आणि रांग तुंबली.

मग यान कोसळलं का नाही? कारण हॅल लेनिंग यांनी रचलेल्या त्या छोट्याशा व्यवस्थेत प्रत्येक कामाला मान ठरवून दिलेला होता, आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या हाताखालच्या चमूने 'रांग तुंबली तर काय' याचा विचार आधीच करून ठेवला होता. इंटरप्टमध्ये फक्त काही मिलिसेकंदांचं काम करायचं, लांबलचक काम रांगेत लावायचं, हा नियम तिथेही होताच. जागा संपली की संगणक सगळं टाकून पुन्हा सुरू होई आणि फक्त अत्यावश्यक कामं उचली: यान कुठे आहे, इंजिन किती जोरात चालवायचं. बाकीची कामं तशीच गळून पडत. ह्यूस्टनला २४ वर्षांचे जॅक गार्मन आणि २६ वर्षांचे स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत ओळखलं, की संगणक बिघडलेला नाही, तो निवड करतो आहे. 'पुढे चला' असा निरोप गेला. त्या पोरांच्या वयाची आपली मुलं आज नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतील!

हाकांचा पूर

हाच रोग पुढे नेटवर्कमध्ये दिसला. पाकिटं इतक्या वेगाने यायला लागली, की प्रोसेसरचा सगळा वेळ 'आलं, आलं' म्हणण्यात जाई आणि एकही पाकीट पुढे पोचत नसे. बाहेरून पाहावं तर मशीन जिवापाड राबतंय, हाती मात्र शून्य. १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी या अवस्थेवर एक निबंध मांडला. त्यांचा उपाय ऐकून गृहिणींना हसू येईल. पूर आला की शिट्टी बंद करा आणि सरळ शेगडीशी जाऊन उभे राहा! म्हणजे पहिलं पाकीट आलं की त्या यंत्राचा इंटरप्ट बंद करायचा, रांगेतली ठराविक पाकिटं स्वतः उचलायची, दुसऱ्या कामांना वेळ द्यायचा, रांग संपली की मगच शिट्टी पुन्हा चालू. २००१ नंतर लिनक्समध्येही हीच पद्धत आली. चार शेगड्यांवर चार पातेली एकदम उकळत असतील तर शिट्ट्यांचा उपयोग नसतो, हे आपल्या आयांना ठाऊकच होतं.

आणि हे काम संपलेलं नाही. कारखान्यातले यंत्रमानव, वैद्यकीय उपकरणं, गाड्या, अशा ठिकाणी उत्तर लवकर येऊन भागत नाही, ते ठरलेल्या वेळेच्या आत हमखास यावं लागतं. त्यासाठी लिनक्समध्ये इंटरप्टचे हँडलरसुद्धा साध्या कामांसारखे रांगेत आणून, त्यांनाही मान ठरवून देण्याचं काम जगभरच्या लोकांनी सुमारे वीस वर्षं केलं. ते मुख्य लिनक्समध्ये पूर्णपणे सामील झालं सप्टेंबर २०२४ मध्ये. वीस वर्षं कशाला लागली? कर्नलमधली प्रत्येक वही आणि प्रत्येक कुलूप तपासून 'इथे कान झाकायलाच हवेत का?' हा प्रश्न विचारावा लागला म्हणून.

जाता जाता घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. विंडोज किंवा लिनक्सचा संगणक अडकला, माउस हलेना, की लगेच प्लग ओढू नका. कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबा. त्या कळेवरचा दिवा सहसा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळेची हाक कर्नलपर्यंत जाते, आणि कर्नल उलट निरोप पाठवतं तेव्हा दिवा लागतो. दिवा लागला-विझला, तर आत कोणीतरी अजून ओ देतंय. बिघाड बहुधा वरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये आहे, जरा थांबा, तो प्रोग्रॅम बंद करून पाहा, तुमचं पत्र कदाचित वाचेल. दिवा ढिम्म हलला नाही, तर समजावं की कोणीतरी कान झाकले आणि उघडायचे राहून गेले. मग बटण दाबून मशीन बंद करायला हरकत नाही.